नेम चुकतो, की हवा कमी पडते?

दहा मीटर हवाई रायफलीच्या सरावात एक प्रकार वारंवार पाहायला मिळतो. समजा, सोलापुरातील एखादी शाळकरी नेमबाज साठ छऱ्यांची पूर्ण फेरी खेळते आहे. पहिले तीस-पस्तीस छर्रे दहाच्या आसपास नेटके बसतात. त्यानंतर मात्र खुणा लक्ष्याच्या मध्यापासून हळूहळू खाली सरकू लागतात. आधी साडेनऊ, मग नऊ, अखेरीस आठही. प्रशिक्षक म्हणतात, श्वास सांभाळ. वडील म्हणतात, अभ्यासाच्या जागरणाने थकली असेल. मुलगी स्वतः मनाशी ठरवून टाकते, की शेवटच्या टप्प्यात आपले मन कच खाते. सिलिंडरवरच्या दाबमापकाकडे कोणी पाहिलेच, तर त्याचा काटा सुरुवातीला ११५ बार आणि शेवटी ८५ बार दाखवत असतो. म्हणजे हवा भरपूर आहे, दोष मुलीचाच.

हा निष्कर्ष चुकीचा असू शकतो. नेमबाजीत मनाचा आणि श्वासाचा वाटा मोठा आहे हे खरेच; पण आजच्या स्पर्धेच्या रायफलीला स्वतःचाही एक श्वास असतो आणि तो बिघडला, की उत्तम नेमबाजही साधारण दिसू लागतो.

बंदुकीत हवा कोंडून ठेवण्याची कल्पना नवी नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास जिरांडोनी नावाच्या कारागिराची हवाई रायफल वापरात आणली होती. तिच्या दस्त्यातच हवेची टाकी असे आणि ती भरण्यासाठी हातपंपाचे सुमारे दीड हजार दट्टे मारावे लागत. सांध्यांवर चामड्याच्या चकत्या असत. त्या सुकल्या की हवा निसटे, म्हणून त्या ओल्या ठेवाव्या लागत. सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला, चामड्याची जागा कृत्रिम रबराने घेतली; तक्रार मात्र तीच राहिली आहे.

१९८४ च्या लॉस एंजल्स ऑलिम्पिकमध्ये हवाई रायफलीचा प्रथम समावेश झाला, तेव्हाच्या रायफली प्रत्येक छऱ्यापूर्वी बाजूचा दांडा ओढून सज्ज कराव्या लागत. काहींमध्ये स्प्रिंग दबे, काहींमध्ये एका दट्ट्यात हवा कोंडली जाई. आपल्याकडील अनेक क्लबांत आजही नवशिक्यांच्या हाती प्रथम अशीच दांड्याची रायफल येते. तिचा मोठा गुण हा, की हवेचा साठाच नसल्याने साठ्याचे आजारही नसतात. पण साठ वेळा दांडा ओढण्यात खांदा थकतो आणि दरवेळी अंगाची बैठक मोडते. यावर उपाय म्हणून प्रथम कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर आले आणि नव्वदच्या दशकात त्यांची जागा दाबाखालील साध्या हवेने घेतली. फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, आनशुत्झ या जर्मन आणि स्टायर या ऑस्ट्रियन कंपनीच्या रायफली आज जगभरच्या रेंजवर दिसतात, त्या याच जातीच्या. मूळच्या कार्बन डायऑक्साइडवरील काही बंदुकांना नंतर हवेचा सिलिंडर व नवी झडप बसवून त्यांचे रूपांतरही करण्यात आले.

कार्बन डायऑक्साइड मागे का पडला, हे सोलापूरकराला समजावून सांगायला फार वेळ लागू नये. हा वायू सिलिंडरात द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमानावर अवलंबून असतो. २० अंश सेल्सिअसला तो सुमारे ५७ बार असतो, तर ३० अंशांना ७० च्या पुढे जातो. ३१ अंशांच्या वर तर द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही आणि दाब सिलिंडर किती भरला आहे यावर ठरतो. जेथे एप्रिल-मे महिन्यांत पारा सर्रास चाळिशी ओलांडतो, तेथे अशा बंदुकीकडून सकाळी व दुपारी सारख्याच वेगाची अपेक्षा करणे व्यर्थ होते. साधी हवा या बाबतीत कितीतरी सुस्वभावी आहे. तापमानाचा परिणाम तिच्यावरही होतो, पण प्रमाणात.

आता या रायफलीची रचना. नळीच्या खाली एक लांबट सिलिंडर स्क्रूच्या आट्यांनी बसवलेला असतो. त्यात बहुधा २०० बारपर्यंत हवा भरतात. मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन बार हवा असते, यावरून या दाबाची कल्पना यावी. ही हवा थेट छऱ्यामागे सोडली, तर पहिला छर्रा सुसाट जाईल आणि शंभरावा रेंगाळेल. म्हणून मध्ये रेग्युलेटर असतो. घरातील गॅसच्या सिलिंडरवरचा रेग्युलेटर जे काम करतो तेच हा करतो. सिलिंडर भरलेला असो वा संपत आलेला, शेगडीची ज्योत सारखीच राहावी, तसे सिलिंडरात १८० बार असोत वा १००, रेग्युलेटरच्या पलीकडच्या छोट्या कप्प्यात ठरलेलाच दाब, उदाहरणार्थ ७५ बार, पोहोचतो. चाप ओढला की एक हातोडी झडपेवर आदळते, झडप क्षणभर उघडते आणि कप्प्यातील हवा छऱ्याला ढकलते. ४.५ मिलिमीटर व्यासाचा, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने बाहेर पडतो.

हा वेग थोडा कमी-जास्त झाला तर काय बिघडते? गणित सोपे आहे. १७० मीटर वेगाचा छर्रा दहा मीटर अंतर सुमारे ०.०५९ सेकंदात कापतो आणि तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने १७ मिलिमीटर खाली येतो. वेग १६० वर आला, तर तो १९ मिलिमीटरहून किंचित अधिक खाली येतो. फरक सुमारे सव्वादोन मिलिमीटरचा. हवेचा अडथळा धरला तर आणखी थोडा. या लक्ष्यावर दहाची खूण म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका आणि त्यापुढील प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटरने दूर. म्हणजे वेगातील ही घट नेमबाजाच्या हातून जवळजवळ पूर्ण एक गुण हिरावून घेते. दशांश गुणांच्या आजच्या पद्धतीत पाव मिलिमीटरला एक दशांश गुण जातो. अशा स्पर्धेत सेकंदाला दोन मीटरची चढउतारही नगण्य नाही. वेग सतत सारखाच कमी असता, तर दर्शनी फिरवून हिशेब जुळवता आला असता. बदलत्या वेगापुढे दर्शनीचा इलाज चालत नाही.

तक्रार आली की बहुतेकांचे लक्ष प्रथम गळतीकडे जाते. परंतु काटा खाली आला म्हणजे हवा गळालीच असे नाही. दुपारी ४२ अंशांच्या उकाड्यात सिलिंडर २०० बारपर्यंत भरला आणि तो वातानुकूलित रेंजमध्ये २४ अंशांवर नेला, तर एक कणही न निसटता काटा १८८-१८९ वर येतो. बंद भांड्यातील वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो, हा शाळेतलाच नियम येथे लागू पडतो. हातपंपाने घाईघाईने भरलेला सिलिंडर तर स्पर्शालाही गरम लागतो. तो निवला की दाब आपोआप उतरतो. म्हणून भरल्यावर तासभर थांबून, सिलिंडर खोलीच्या तापमानाला आल्यावर आकडा लिहावा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच खोलीत पुन्हा पाहावा. तापमानात फरक नसताना काटा उतरला असेल, तर मात्र गळती आहे.

गळती कोठे आहे हे शोधण्याची पहिली पायरी म्हणजे सिलिंडर आणि रायफल यांना वेगळे करणे. सिलिंडरच्या तोंडाशी स्वतःची झडप असते. तो आट्यांतून सोडवला की ती मिटते. सोडवताना रायफलीत अडकलेली थोडी हवा फुसकन निघून जाते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. सुटा सिलिंडर रात्रभर ठेवून दाब टिकला, तर दोष रायफलीत. न टिकला तर सिलिंडरची झडप किंवा दाबमापकाची बैठक संशयित. साबणाच्या पाण्याचा फेस मऊ ब्रशने सांध्यांवर लावला, की बुडबुडे पत्ता सांगतात. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो तसे येथे करू नये. दाबमापकात पाणी शिरते.

सिलिंडर निर्दोष ठरला, तर तो पुन्हा बसवून रायफलीचे सांधे पाहावेत. सर्वांत जास्त वेळा सापडणारा गुन्हेगार म्हणजे सिलिंडर जेथे बसतो तेथील ओ-रिंग, ही रबराची बारीकशी कडी. दरवेळी सिलिंडर फिरवताना ती घासली जाते, उन्हाळ्यात कडक होते, धुळीच्या एका कणानेही तिच्यावर चर पडतो. रेग्युलेटरच्या बाजूला बहुधा एक सूक्ष्म छिद्र ठेवलेले असते. तेथून हवा येत असेल, तर आतील दट्ट्याची कडी गेली असे समजावे. ते छिद्र बुजवणे हा उपाय नव्हे. हवा नळीतून झिरपत असेल, तर मुख्य झडपेची बैठक झिजली आहे किंवा तिच्यावर कचरा बसला आहे. हे पाहण्यासाठी रायफलीत छर्रा नाही याची दोनदा खात्री करून नळीच्या तोंडावर लहान फुगा चढवतात. फुगा हळूहळू फुगला, की निदान झाले. नळीला कान किंवा डोळा लावण्याचा मोह अनुभवी माणसांनाही होतो. तो टाळावा.

गळती सापडली नाही आणि तरी खुणा पसरत असतील, तेव्हा खरी कसोटी लागते. येथे छऱ्याचा वेग मोजणारे यंत्र हवेच. बऱ्याच क्लबांत ते नसते, आणि हजारो रुपयांचे छर्रे झाडून जे कळत नाही ते या छोट्या यंत्राने दहा मिनिटांत कळते. ही खरेदी जाकिटाच्या आधी व्हायला हवी. मोजमापातून सहसा तीन चित्रे दिसतात. पाच-दहा मिनिटे विश्रांती घेतल्यावर पहिला छर्रा नेहमीपेक्षा वेगात जातो आणि पुढचे जागेवर येतात, हे रेग्युलेटर ‘सरपटत’ असल्याचे लक्षण. त्याची आतील बैठक नीट मिटत नाही, ठरलेला दाब गाठल्यावरही हवा पलीकडे झिरपत राहते आणि कप्पा गरजेपेक्षा जास्त भरतो. दुसऱ्या चित्रात सावकाश मारलेले छर्रे ठीक, पण लागोपाठ मारलेले मंद होतात; रेग्युलेटर कप्पा वेळेत भरू शकत नाही, बहुधा गाळणी तुंबलेली असते. तिसऱ्यात वेग एका ठिकाणापर्यंत अगदी स्थिर राहतो आणि मग प्रत्येक छऱ्यागणिक उतरत जातो. सिलिंडरातील दाब रेग्युलेटरच्या ठरलेल्या दाबाच्या खाली गेला, की असे होते. तेथून पुढे रेग्युलेटर असून नसल्यासारखा.

रेग्युलेटरची बैठक खराब कशाने होते? पुष्कळदा पाण्याने. पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असताना एक घनमीटर हवेत सुमारे २१ ग्रॅम बाष्प असते. २०० मिलिलिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरणे म्हणजे बाहेरची चाळीस लिटर हवा त्यात कोंबणे. त्यातील बाष्प अडवले नाही, तर प्रत्येक भरणीत जवळपास पाऊण ग्रॅम पाणी, म्हणजे पंधरा-सोळा थेंब, आत जाऊ शकते. चांगल्या पंपाला पाणी अडवणारा कप्पा आणि ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची नळकांडी असते. दाण्यांचा रंग बदलला की ते बदलायचे असतात, पण बहुतेक ठिकाणी पंपाबरोबर आलेलेच दाणे वर्षानुवर्षे तसेच राहतात. सोलापूरला समुद्र नाही, त्यामुळे किनाऱ्यावरच्या शहरांप्रमाणे पाणबुड्यांच्या टाक्या भरून देणारी केंद्रेही नाहीत. टायरच्या दुकानातला काँप्रेसर आठ-दहा बारच्या पुढे जात नाही. तेव्हा उभ्याने दट्टे मारायचा उच्च दाबाचा हातपंप किंवा क्लबची मोठी टाकी, हेच दोन मार्ग उरतात आणि दोन्हींत हवा कोरडी आहे की नाही हे ज्याचे त्यालाच पाहावे लागते.

काही चुका मात्र गुणांपुरत्या राहत नाहीत. यंत्रमागांच्या या शहरात प्रत्येक कुरकुरणाऱ्या वस्तूला तेलाचा थेंब देण्याची सवय हाडीमाशी भिनलेली आहे. मागाचे किंवा शिलाई यंत्राचे तेल या रायफलीच्या हवेच्या मार्गात कधीही जाऊ देऊ नये. हवा एकदम दाबली गेली की ती तापते आणि तेलाची वाफ त्यात पेट घेऊ शकते. डिझेल इंजिन याच तत्त्वावर चालते. ओ-रिंगला लावायचे ते शुद्ध सिलिकोन ग्रीस, तेही बोटाला चकाकी येईल इतकेच. त्याहून गंभीर गोष्ट ऑक्सिजनची. २०२० आणि २०२१ च्या साथीत अनेक घरांत वैद्यकीय ऑक्सिजनचे सिलिंडर आले. ‘ऑक्सिजन म्हणजे शुद्ध हवाच की’ असे समजून रायफल त्यावरून भरण्याचा विचारही करू नये. उच्च दाबाच्या ऑक्सिजनमध्ये ग्रीसचा किंवा रबराचा कण भडका घेऊ शकतो आणि तेव्हा हातात जे असते त्याला सिलिंडर म्हणत नाहीत, बाँब म्हणतात.

दाब असताना कोणताही सांधा पान्याने सोडवू नये, हेही तितकेच खरे. २०० बार दाब एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे दोनशे किलोचा जोर देतो. अर्धवट सुटलेला दाबमापक त्या जोराने उडाला, तर समोर काय आहे याची तो पर्वा करत नाही. आधी सिलिंडर वेगळा करावा, मग रिकामा छर्राविरहित चाप ओढून रायफलीतील हवा संपवावी, आणि त्यानंतर हत्यार हाती घ्यावे. रेग्युलेटरचा स्क्रू फिरवून ‘ताकद वाढवणे’ हा तर निव्वळ अविचार आहे. कागदावर भोक पाडायला साडेसात ज्यूल पुरतात. भारतात ४.५ मिलिमीटरची आणि २० ज्यूलपर्यंतची हवाई बंदूक परवान्याच्या अटीतून वगळलेली आहे. ती मर्यादा ओलांडली, तर प्रश्न खेळाचा न राहता शस्त्र कायद्याचा होतो.

वापरलेली रायफल विकत घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहायची असते, ती म्हणजे सिलिंडरवर कोरलेली तारीख. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार सिलिंडर मुदतीत आहे याची जबाबदारी खेळाडूची असते आणि उत्पादक ही मुदत जास्तीत जास्त दहा वर्षे धरतात. दोन हजारच्या दशकातील उत्तम जर्मन रायफली आजही हातोहात विकल्या जातात. नळीला वय लागत नाही, सिलिंडरला लागते. ५०० मिलिलिटरहून मोठ्या टाक्यांना देशातील गॅस सिलिंडर नियम लागू होतात आणि त्यांची देखरेख करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. छोटा सिलिंडर त्या व्याख्येत बसत नाही, म्हणून तो कमी धोकादायक ठरतो असे नाही. मुदत संपलेला सिलिंडर स्वस्तात मिळाला म्हणून घेणे आणि नव्या सिलिंडराचे पैसे बाजूला न ठेवणे, ही काटकसर अंगाशी येणारी आहे.

पुण्या-मुंबईकडे सुटीच्या दिवशी रंगीत गोळ्यांचा पेंटबॉल खेळणाऱ्यांनाही हे सारे ओळखीचे वाटेल. त्यांचे मार्कर कार्बन डायऑक्साइडवरून दाबाच्या हवेवर आले, तेव्हा याच तक्रारी तेथे गेल्या. तेथे रेग्युलेटर दोन, एक बाटलीच्या तोंडाशी आणि दुसरा मार्करमध्ये. त्यामुळे संशयितही दुप्पट. जलद मारा करणारे नवे भाग बसवले आणि बाटलीवरचा रेग्युलेटर जुनाच ठेवला, की लागोपाठच्या गोळ्या जवळच गळून पडतात. दोष नव्या भागाला दिला जातो, उपाशी मात्र तो मागून राहिलेला असतो. वेगाची मर्यादा सेकंदाला साधारण ३०० फूट असल्याने उलट बाजूचा बिघाड, म्हणजे सरपटणारा रेग्युलेटर, तेथे समोरच्या खेळाडूला इजा करू शकतो.

महाराष्ट्रात हवाई रायफलीचे आकर्षण वाढले त्याला कारणे आहेत. अंजली भागवत यांनी २००३ मध्ये मिलानच्या विश्वचषक अंतिम स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, सुमा शिरूर २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचल्या, आणि २०२२ मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरो येथे जगज्जेता झाला. अभिनव बिंद्राचे २००८ चे बीजिंगमधील सुवर्णही याच प्रकारातले. त्या पातळीवर रायफलीची काळजी घ्यायला जाणकार माणसे सोबत असतात. जिल्ह्याच्या गावी ती जबाबदारी पालक आणि प्रशिक्षक यांच्यावर येते आणि अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याला दरवेळी रायफल नेणे परवडत नाही. बाहेरची ओ-रिंग बदलणे, फेसाची चाचणी घेणे, दाणे बदलणे हे घरी जमण्यासारखे आहे, मात्र कडी कंपनीने सांगितलेल्या मापाची आणि प्रकारचीच हवी. नळाच्या दुकानातली ‘जवळपास तशीच’ चकती एक रात्रही टिकत नाही. रेग्युलेटर उघडणे आणि मुख्य झडप बदलणे हे जाणत्या कारागिराचे काम.

आता सुरुवातीच्या त्या मुलीकडे. तिच्या सिलिंडरात गळती नव्हती; सुटा सिलिंडर रात्रभर जसाच्या तसा राहिला असता. रेग्युलेटरही ठीक. चुकत होता तो दाबमापक. अशा छोट्या दाबमापकाचा काटा वर्षानुवर्षांच्या भरणीने वीस बारनेही खोटा बोलू लागतो. ११५ दाखवत असताना खरा दाब ९५ होता आणि शेवटी ८५ दिसला तेव्हा आत ६५ च उरले होते. रेग्युलेटरला किमान ७५ हवेत. सरावाच्या वीस आणि स्पर्धेच्या तीस-पस्तीस छऱ्यांनंतर ती रेषा ओलांडली गेली आणि खुणा उतरू लागल्या. हे उघड करायला सिलिंडर पंपाला जोडून दोन्ही काटे शेजारी शेजारी पाहणे पुरेसे होते. पंपावरचा काटा ९५ सांगतो, सिलिंडरवरचा ११५. दाबमापक बदलून येईपर्यंत फेरीपूर्वी सिलिंडर दिसायला दीडशेच्या वर भरून घ्यायचा, आणि शेवटच्या वीस छऱ्यांसाठी म्हणून तिने वर चढवलेली दर्शनी पुन्हा जागेवर आणायची.